भिंत मातीतली, ऊन सोलापूरचं. छत कोणतं टाकायचं?

पत्र

दादा, नमस्कार. आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहतो. दोन खोल्या आणि पुढं पडवी, मिळून दहा बाय चोवीस फूट. घर सासऱ्यांनी बांधलेलं, पस्तीस वर्षं झाली. वरचा पत्रा गंजून चाळणी झालाय, उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवलेत. मी दिवसभर घरात विड्या वळते. मालक टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळीला असतात, ते दुपारी झोपतात. भिशीचे आणि साठवलेले मिळून पावणेदोन लाख आहेत. मुलगा म्हणतो स्लॅबच टाकू. ठेकेदारही म्हणाला, आहे त्याच भिंतींवर टाकून देतो. दीर म्हणतात, कारखान्याच्या शेडचे जुने सिमेंटचे पत्रे फुकट मिळतायत. सासूबाई म्हणतात, गावाकडच्या मातीच्या छतासारखा, माळवदासारखा गारवा कशालाच नाही. मला स्वतःला कोकणातली कौलं आवडतात. एका कोपऱ्यात गिलावा पडलाय, तिथं विटांच्या मधे माती दिसते. काय करावं?

उत्तर

ताई, नमस्कार. घरातल्या चौघांची चार मतं तुम्ही लिहिलीत, पण माझी नजर अडकली ती शेवटच्या ओळीवर. विटांच्या मधे माती दिसते. म्हणजे तुमच्या भिंती सिमेंटमध्ये नाही, मातीत बांधलेल्या आहेत आणि वरून नुसता सिमेंटचा गिलावा आहे. त्या काळी असं सर्रास बांधायचे, त्यात सासऱ्यांची चूक नाही. पण आता वर काय ठेवायचं हे या भिंतीच ठरवणार आहेत. गिलावा पडलाय तिथं विटांच्या सांध्यात एखादा खिळा किंवा सळईचा तुकडा टोचून बघा. माती भुरभुर खाली आली तर पुढचं सगळं नीट वाचा.

छताचं वजन किती असतं, ते आधी बघू. पाच इंची स्लॅब एका चौरस फुटाला तीसेक किलो भरतो. तुमचं घर २४० चौरस फूट, म्हणजे नुसता स्लॅब सात टनांच्या पुढं गेला. त्यावर कोबा आणि कठडा धरला की दहा-अकरा टन. याउलट अर्धा मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा चौरस फुटाला जेमतेम अर्धा किलो. सगळ्या घरावर मिळून सव्वाशे किलोच्या आत. तुमच्या भिंती पस्तीस वर्षं हे सव्वाशे किलोच पेलत आल्यात. त्यांच्यावर एकदम ऐंशी-नव्वद पट वजन ठेवायचं, आणि खालची जमीन आपली काळी. पावसात फुगणार, उन्हात भेगाळणार. पाया मुरमापर्यंत गेलाय की काळ्या मातीतच थांबलाय, हे भिंतीलगत दोन फुटी खड्डा घेतल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. तुमच्या ठेकेदारानं तो घेतलेला नाही. म्हणून ‘आहे त्याच भिंतींवर टाकून देतो’ याला माझं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. स्लॅब टाकायचा तर वेगळे कॉलम, त्यांना वेगळं फुटिंग म्हणजे पाया घेऊन. म्हणजे घर नव्यानं बांधणंच ते, आणि पावणेदोन लाखांत ते होत नाही.

सासूबाईंच्या माळवदाबद्दल मात्र दोन ओळींत आटोपता येणार नाही, कारण मी स्वतः माळवदात वाढलोय. आमचं घर अक्कलकोट तालुक्यातलं. सागाचे खांब, त्यावर तुळया, तुळयांवर जवळजवळ लावलेल्या किलच्या म्हणजे लाकडी पट्ट्या, त्यावर निंबाचा पाला आणि तुराट्या, आणि वर वीतभर नाही, चांगला हातभर मातीचा थर. ती मातीही कसलीही चालायची नाही. पांढरी, चिकट, पाणी खाली न सोडणारी माती गावाच्या एका ठरलेल्या खाणीतूनच आणायची. मिरगाच्या आधी वडील पाट्या भरभरून ती वर चढवायचे आणि आम्ही पोरं अनवाणी नाचून दाबायचो. मे महिन्यात बाहेर डोळे दिपवणारं ऊन असायचं, आणि आत सान्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, पडलेला उन्हाचा एकच कवडसा जमिनीवर हळूहळू सरकत असायचा. त्या कवडशावरून आजी वेळ सांगायची. पंखा नव्हता, लागायचाही नाही. सासूबाई खरं बोलतात.

गारवा यायचा तो त्या मातीच्या जाडीतून. दुपारचं ऊन एवढा थर ओलांडून खाली येईपर्यंत रात्र व्हायची आणि वरचा थर पुन्हा निवायला लागायचा. पण धोकाही त्या जाडीतच होता. दरवर्षी गळतंय म्हणून नवी माती टाकायची, जुनी कुणी काढायचं नाही. वीस-तीस वर्षांत थर वाढत वाढत दीड-दोन फुटांवर जायचा. एक फूट मातीचंच वजन चौरस फुटाला चाळीस-पन्नास किलो होतं, म्हणजे स्लॅबपेक्षा जास्त. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपलेले असताना, किल्लारीचा भूकंप झाला. मातीत रचलेल्या गोट्यांच्या जाड भिंती फुटल्या आणि वरची माळवदं जशीच्या तशी माणसांवर बसली. हजारो माणसं गेली. हादरा आमच्याही गावाला बसला. आमच्या घराची मागची भिंत पोट काढून बाहेर आली, पडली नाही एवढंच. त्यानंतर कित्येक महिने आम्ही अंगणात झोपलो, आणि वर्षभरात गावातल्या निम्म्या घरांवरची माती उतरून पत्रे चढले. गारवा गेला, पण माणसं आत झोपायला लागली.

सासूबाईंना हे सांगाल तेव्हा त्यांच्या आठवणीला खोटं पाडू नका. माळवद वाईट नव्हतंच. जड छत आणि मातीत रचलेली भिंत, या जोडीनं घात केला. तुमच्याकडे त्या जोडीतली भिंत आजही तीच आहे.

आता मुलाच्या स्लॅबकडे परत येतो, कारण तो आज ना उद्या पुन्हा विषय काढणार. तरुण पोराला पक्कं घर हवंसं वाटतं, त्यात काही चूक नाही. वर गच्ची मिळते, पापड-कुरडया वाळतात, उद्या मजला चढवता येतो. पण ‘स्लॅब म्हणजे गार’ हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे. काँक्रीट ऊन पिऊन घेतं आणि उशिरा परत देतं. सकाळी अकरापर्यंत बरं वाटतं, दुपारी चारच्या पुढं छत आत धग सोडायला लागतं ते मध्यरात्रीपर्यंत. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांवर जातो, तेव्हा उघड्या स्लॅबखाली रात्री दहाला झोपून बघावं. पंखा नुसती गरम हवा खाली ढकलतो. त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा हवा, वर पांढऱ्या चायना चिप्स म्हणजे फरशीचे तुकडे किंवा दर मार्चला चुन्याची सफेदी हवी. हा खर्च ठेकेदार स्लॅबच्या हिशोबात धरत नाही.

आणि पाणी. स्लॅब ओतल्यावर किमान सात दिवस, आपल्या उन्हात तर दहा-बारा दिवस, त्यावर सतत पाणी उभं लागतं. नळाचं पाणी एकदा येऊन गेलं की पुन्हा कधी येईल याची वाट बघणाऱ्या शहरात हे सोपं नाही. माझ्या स्वतःच्या घराचा स्लॅब मी एप्रिलमध्ये ओतला. टँकरवाल्यानं दोन दिवस दांडी मारली. तिसऱ्या दिवशी सकाळी वर गेलो तर स्लॅबवरचं पाणी आटून गेलेलं आणि सगळ्या पृष्ठभागावर केसासारख्या भेगांची जाळी. दर सप्टेंबरात त्या भेगा मला आठवण करून देतात. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ओल उतरते. तीस वर्षं बांधकामावर काढलेल्या माणसाची ही गत झाली. मुलाला सांगा, पुढं कधी स्लॅब टाकायचाच तर पावसाळा सरल्यावर, कॉलम घेऊन आणि पाण्याची सोय आधी करून.

दिरांनी मायेनं सुचवलं असेल, पण कारखान्याचे जुने सिमेंटचे पत्रे फुकट मिळाले तरी घेऊ नका. त्या काळचे सिमेंट पत्रे म्हणजे सिमेंट आणि ॲस्बेस्टॉस. ॲस्बेस्टॉसचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, श्वासावाटे फुफ्फुसात जाऊन बसतात आणि वीस-तीस-चाळीस वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटना ॲस्बेस्टॉसच्या कुठल्याच प्रकाराला निर्धोक मानत नाही. पत्रा अखंड असतो तोवर तंतू बहुतेक धरून राहतात. तो जुना झाला, झिजला, आणि काढताना मोडला, कापला, भोकं पाडली, की भुकटी सुटते. तुमच्याकडे येणारा पत्रा या सगळ्यातून गेलेला असणार, आणि ती भुकटी तुमच्या मांडीवरच्या सुपात पडणार. शिवाय जुना सिमेंट पत्रा ठिसूळ असतो. २०१४ च्या मार्चमधली गारपीट आठवते ना? तशा गारांत तो फुटतो. दुरुस्तीला वर चढलेला माणूस पाय पडताच आरपार खाली येतो, असे अपघात मी बघितलेत. दिरांच्या स्वतःच्या घरावर असे पत्रे असतील तर घाबरून लगेच उचकटू नका म्हणावं. त्यांना भोकं पाडू नका, कोरड्या ब्रशनं घासू नका, वरून रंगाचा हात द्या. आणि कधी काढायची वेळ आलीच तर पाणी मारून, न मोडता, अख्खे उतरवा.

मंगलोरी कौलं सुंदर असतात, मलाही आवडतात. पण त्यांना उभा उतार लागतो, खाली लाकडाचा किंवा लोखंडाचा भरभक्कम सांगाडा लागतो, आणि ती कोकणातल्या अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसासाठी घडलेली आहेत. आपल्याकडे वर्षाला सहाशेच्या आसपास पाऊस, त्यातला बराच सप्टेंबरात. वानरांनी नाहीतर पोरांच्या चेंडूनं फुटलेलं कौल बदलायला माहीतगार माणूसही इथं पटकन सापडत नाही. शहाबादी फरशी गर्डरवर टाकून केलेली छतंही आपल्या शहरात पुष्कळ आहेत, पण ती पुन्हा जडच. ते दोन्ही विषय सोडून देऊ.

सोलापुरात छत पावसासाठी निवडायचं नसतं, उन्हासाठी निवडायचं असतं. आणि त्या घरात भर दुपारी कोण असतं, हे आधी बघायचं असतं. तुमच्या घरात तुम्ही असता आणि मालक झोपलेले असतात. विडीचं काम मी जवळून बघितलंय. तेंदूचं पान ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं तरी बाराच्या पुढं कडक होतं, वळताना तडकतं. पंखा जोरात लावावा तर सुपातला तंबाखू उडतो, म्हणून पंखा बंद. म्हणजे इतरांना मिळते ती वाऱ्याची झुळूकसुद्धा तुम्हाला नाही. तुमच्या घरात गारवा आला तर तो छतातूनच यायला हवा.

म्हणून माझं मत असं: दोन्ही खोल्यांवर पफ पॅनेल आणि पडवीवर साधा पांढरा पत्रा. पफ पॅनेल म्हणजे दोन पातळ रंगीत पत्र्यांच्या मधे दीड-दोन इंच फोमचा थर. वजन चौरस फुटाला किलोभर, त्यामुळे भिंतींना जड नाही. वरचा पत्रा तापतो, पण ती आच मधल्या थरात अडते, खालचा पत्रा हाताला कोमट लागतो. रात्री लवकर निवतं, आणि पावसाचा ताडताड आवाजही मालकांची झोप मोडत नाही. एवढं मात्र बघा, की पॅनेलच्या कापलेल्या कडा पत्र्याच्या पट्टीनं पूर्ण बंद केलेल्या हव्यात. फोम उघडा राहिला तर उंदीर पोखरतात आणि आगीचा धोकाही राहतो.

पॅनेलचा भाव आवाक्याबाहेर गेला तर दुसरा मार्ग आहे. अर्धा मिलिमीटरचा रंगीत पत्रा, आणि त्याच्या खाली वीतभर जागा सोडून बुरुडाकडच्या बांबूच्या तट्ट्यांचं किंवा ॲस्बेस्टॉस नसलेल्या फायबर सिमेंट बोर्डाचं छत. मधल्या जागेला दोन्ही टोकांना जाळी ठेवायची, म्हणजे तापलेली हवा बाहेर निघून जाईल. ही जाळी लोक विसरतात आणि मग छत करूनही उकडतंय म्हणतात. थर्माकोलचं छत स्वस्त पडेल, पण गॅसच्या शेगडीवर ते नको. झपाट्यानं पेटतं आणि त्याचा धूर जीवघेणा असतो.

पत्रा घेताना रंग पांढराच घ्या. दुकानात निळा आणि लाल पुढं करतील, दिसायलाही छान दिसेल. पण पांढरा पत्रा ऊन परतवतो, गडद पत्रा पिऊन घेतो. नुसत्या पांढऱ्या छतानं खोलीत दोन-चार अंशांचा फरक पडतो. शेजारच्या तेलंगणानं तर २०२३ मध्ये यासाठी कूल रूफचं सरकारी धोरणच आणलं. तिकडच्या पाहुण्यांना विचारा, कुणीतरी अशा छताखाली राहत असेल. आणि एक चूक टाळा: स्लॅबला चुन्याची सफेदी ठीक, पत्र्याला चुना लावू नका. ओला चुना जस्ताचा थर खातो आणि पत्रा लवकर गंजतो. पत्र्यासाठी कूल रूफचा पांढरा रंगच घ्यायचा.

जाडी दुकानदाराच्या तोंडी हिशोबावर सोडू नका. ०.३५ चा पत्रा ०.५० म्हणून खपवला जातो. हातात घेऊन वाकवून फरक कळत नाही. मोजायचं यंत्र त्यांच्याकडे असतं, समोर मोजायला लावा आणि बिलावर आकडा लिहून घ्या.

भिंतींवर थेट काही ठेवायच्या आधी एक काम नक्की करा. जुना पत्रा उतरला की भिंतींच्या माथ्यावर चारही बाजूंनी अखंड, चार-सहा इंच जाडीचा सळईचा काँक्रीट पट्टा ओतून घ्या. टोपलीच्या काठाला बुरूड जसा बांबूचा वेढा घालतो तसा तो चारी भिंतींना एकत्र धरतो. किल्लारीनंतर इंजिनिअर मंडळी गावोगाव हाच पट्टा सांगत फिरली. त्यातच छताच्या लोखंडी अँगलचे बोल्ट पुरून घ्यायचे. भिंती सध्या आठ फूट असतील तर पट्ट्याखाली विटांचे चार-पाच थर सिमेंटमध्ये वाढवा. छत डोक्यापासून जितकं लांब, तितकी धग कमी. उतार दहा फुटांना दीड-दोन फूट पुरे, आणि पन्हाळ शेजाऱ्याच्या भिंतीकडे न जाता तुमच्याच दारापुढं येऊ द्या. खाली पिंप ठेवलंत तर सप्टेंबरातलं वापरायचं पाणी फुकट.

आडव्या अँगलमधलं अंतर चार फुटांपेक्षा जास्त नको. पत्रा भिंतीबाहेर फूटभरच काढा. सावली मिळते म्हणून लोक तीन फूट काढतात आणि वळवाचा वारा त्याच्याखाली शिरून सगळं छत उचलतो. स्क्रू रबरी वॉशरचे, आणि साध्या पत्र्यावर नेहमी उंचवट्यावर मारायचे, पत्र्याच्या खोलगट पन्हाळीत नाही. पन्हाळीतून पाणी वाहतं, तिथलं प्रत्येक भोक उद्याची गळती. विजेची वायर कुठंही पत्र्याला किंवा अँगलला टेकणार नाही, पाइपातूनच जाईल, हे वायरमनकडून करून घ्या, आणि अर्थिंगबरोबर करंट गळताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवा. पत्र्यात उतरलेला करंट ओल्या हातानं दाराची कडी लावताना कळतो, तेव्हा उशीर झालेला असतो.

तुमच्या पावणेदोन लाखांत पट्टा, अँगल, पॅनेल आणि मजुरी बसायला हवी. पण ठेकेदाराकडून एकच ठोक आकडा घेऊ नका. पट्ट्याचे किती, लोखंड किती किलो, पॅनेल किती फूट, मजुरी किती, असं वेगवेगळं लिहून घ्या. जागा तुमच्या नावावर असेल तर महापालिकेत घरकुल योजनेची चौकशी आधी करा. तिथं नाव बसलं तर कॉलमचं घर आणि मुलाचा स्लॅब, दोन्ही वेगळ्या पैशांत होईल, आणि हे अँगल-पॅनेल तेव्हा सोडवून गच्चीवरच्या खोलीला लावता येतील. बोल्टनं जोडून घ्या, वेल्डिंग करून टाकू नका.

हे सगळं व्हायला महिना-दोन महिने जातील, आणि वळवाचा पाऊस विचारून येत नाही. म्हणून पत्र्यावरच्या दगडांचं काम याच आठवड्यात करा. पत्रा हलला की दगड घरंगळतो, आणि गंजलेल्या पत्र्यातून तो सरळ खाली येतो. दहा-बारा पोत्यांत निम्मी-निम्मी वाळू भरा, दोन-दोन पोती दोरीनं जोडून उताराच्या दोन्ही अंगांना लोंबतील अशी अँगलच्या ओळीवरच टाका, आणि मग दगड एक एक करून उतरवा. वर चढणाऱ्यानं पत्र्यावर नाही, अँगलवर टाकलेल्या फळीवर पाय द्यायचा. तोवर मालकांची बाज गंजलेल्या पत्र्याखालून काढून भिंतीच्या कडेला, चांगल्या पत्र्याखाली घ्या.